बाटलीतलं सांताक्रूझ

मित्रांनो, हा लेख खाण्यावर आहे, हे आधीच सांगून टाकतो. सबमिशनच्या आदल्या रात्री, मेस बंद झाल्यावर, उपाशीपोटी वाचायला घेऊ नका. मग मला शिव्या द्याल.

गोष्ट सुरू होते थर्ड इयरमध्ये. माझा रूमपार्टनर कलिन्याला ज्या पोरांबरोबर फुटबॉल खेळायचा, त्यात एक जण बोट्स्वानाचा होता. शिकायला आलेला, गोलकीपर, आणि आमच्यासारखाच कायम भुकेलेला. एकदा मॅच संपल्यावर कट्ट्यावर बसून गावाकडच्या जेवणाच्या गप्पा निघाल्या. त्यानं सांगितलं, त्यांच्याकडे लग्न असो की मयत, सेस्वा हवाच. सेस्वा म्हणजे बैलाचं किंवा बकऱ्याचं मटण, तीन पायांच्या लोखंडी हंड्यात नुसतं पाणी आणि मीठ घालून तासन्‌तास शिजवायचं आणि मग लाकडी दांड्यानं कुटून कुटून धागे करायचे. ना हळद, ना तिखट. हे काम बहुतेक पुरुष मंडळी करतात म्हणे. त्याबरोबर बोगोबे, म्हणजे ज्वारीच्या किंवा मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, आणि मोरोगो नावाची रानातली पालेभाजी. ज्वारीचं पीठ आंबवून केलं तर त्याला टिंग म्हणायचं.

मी मंगळवेढ्याचा. मालदांडी ज्वारीवर वाढलेला प्राणी. मी उडालोच. "अरे, ही तर आमची आंबील!" आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ माझ्या आजीचं पातेलं चुलीवर चढलेलं आहे, हे मला वयाच्या विसाव्या वर्षी कळलं. तो म्हणाला, आमच्या देशात कुणी पाहुणा आला तर त्यानं एवढं तरी खाऊनच जावं, असं आम्हाला वाटतं. मग त्यानं सरळ प्रश्न टाकला, "इथं आल्यावर मी काय खाऊन जायचं? या गावचं काय?"

या गावचं म्हणजे सांताक्रूझचं. आता पाहुण्यासमोर कच खायची नाही, म्हणून आम्ही त्याला रविवारी स्टेशनबाहेर फिरवला. डोसा खाऊन झाल्यावर त्यानं विचारलं, हे इथलं? म्हटलं, नाही, हॉटेल उडुपी आहे. शेजवान राइस? तो चीनचा. (चीनच्या माणसालाही तो ओळखू येणार नाही, पण ते जाऊ द्या.) पावभाजी मुंबईची म्हणून आम्ही छाती फुगवली. तो म्हणाला, मुंबई समजली, पण हा विमानतळ व्हायच्या आधी इथं कोणी राहत असेल ना? ते काय खायचे?

आमची विकेट. दोघंही गप्प.

लाजेची गोष्ट अशी की, मी त्या वेळी दोन वर्षं वाकोल्याच्या गावठाणात भाड्यानं राहत होतो. कौलारू घर, पुढे अंगण, अंगणाच्या कोपऱ्यावर पांढरा क्रूस आणि वर माळ्यावर आम्ही दोघं. खाली घरमालकीण, जिला सगळी गल्ली आंटी म्हणते. मी पहिल्या दिवशी 'काकू' म्हणालो होतो, तेव्हा ती अशी काही हसली की पुन्हा म्हणालो नाही. रोज संध्याकाळी त्या घरातून असा वास यायचा की वर थर्मोडायनॅमिक्सचं पुस्तक मिटावं लागायचं. प्रश्नाचं उत्तर माझ्या जिन्याखाली दोन वर्षं शिजत होतं आणि मी पाहुण्याला शेजवान राइस खाऊ घालून आलो होतो!

आंटी ईस्ट इंडियन. हे नाव ऐकून पहिल्यांदा मलाही वाटलं होतं की हे लोक बंगालकडचे असावेत. तर तसं नाही. मुंबई, साष्टी, वसई, ठाणे या पट्ट्यातले हे मूळचे मराठी ख्रिस्ती. कोणी शेतकरी, कोणी कोळी, कोणी आणखी काही. 1534 साली गुजरातच्या बहादूरशहानं वसई आणि तिच्याबरोबर हा सगळा भाग पोर्तुगीजांना दिला. पुढच्या काळात इथली बरीच कुटुंबं कॅथलिक झाली. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, हे आपल्याला शाळेच्या पुस्तकात आहे. ही माणसं मात्र पुस्तकात नाहीत. ती इथंच राहिली, धर्म नवा आणि भाषा मराठीच. पुढे इंग्रजांच्या मुंबईत गोव्याहून आणि मंगळुराहून ख्रिस्ती लोक नोकऱ्यांसाठी आले. सगळ्यांची आडनावं सारखीच, सगळ्यांना 'पोर्तुगीज' म्हणायचे. तेव्हा आम्ही वेगळे, आम्ही मूळचे इथले, हे कळावं म्हणून व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली त्या 1887 साली यांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं, ईस्ट इंडिया कंपनीवरून. पश्चिम किनाऱ्यावरचे ईस्ट इंडियन! नावाचा अर्थ लावायला आपल्याला इंजिनिअरिंग ड्रॉइंगसारखा वेगळा व्ह्यू घ्यावा लागतो.

सांताक्रूझ हे नावही तसंच. पोर्तुगीजमध्ये सांता क्रूझ म्हणजे पवित्र क्रूस. पूर्वेला वाकोला, कोळेकल्याण म्हणजे आजचं कलिना, तिथलं कोलिवरी गाव, ही सगळी जुनी गावठाणं. हायवेवरून बघाल तर दिसणार नाहीत. रिक्षा आत वळली, रस्ता एकदम अरुंद झाला आणि कोपऱ्यावर झेंडूची माळ घातलेला क्रूस दिसला, की समजायचं आपण गावात आलो.

आंटीची मराठी आधी मला अर्धी कळायची. 'ड'चा 'र' होतो आणि 'ळ'चा 'ल'. गाडीला गारी, इकडे म्हणजे इकरं, बाळाचा बाला. पाहुण्याची हकिगत मी तिला सांगितली तेव्हा ती आधी कमरेवर हात ठेवून मला बघत राहिली. मग म्हणाली, "दोन वरीस इकरं रातोस आनि त्याला चायनीज चारलास? आन त्याला रविवारी मासनंतर." मास म्हणजे चर्चमधली प्रार्थना, हे तुम्हाला कळलं असेलच. मला तेव्हा वाटलं होतं, माशांची आमटी असणार.

आता रविवारच्या जेवणाआधी या स्वयंपाकाची किल्ली सांगतो, कारण ती कळली नाही तर पुढचं सगळं नुसतं 'झणझणीत होतं' एवढ्यावर संपेल. ही किल्ली म्हणजे बाटलीचा मसाला. मेकॅनिकलचा विद्यार्थी या नात्यानं मी त्याच्याकडे थोडं तांत्रिक नजरेनं बघणार आहे, सिव्हिलवाल्यांनी माफ करावं.

बाटलीचा मसाला वर्षातून एकदाच होतो, ईस्टर झाल्यावर एप्रिल-मेच्या उन्हात. पाऊस यायच्या आत संपवायचं काम. काश्मिरी आणि बेडगी मिरची रंगाला, दुसरी एखादी जात तिखटाला. लालबागच्या मसाला बाजारातून पोती येतात. देठं काढायची आणि अंगणात चटयांवर दोन-चार दिवस कडक वाळवायच्या. त्यानंतर बाकीचे जिन्नस: धणे, जिरे, शहाजिरे, बडीशेप, मोहरी, तीळ, खसखस, मिरी, लवंग, दालचिनी, वेलची, जायफळ, जायपत्री, चक्रीफूल, नागकेशर, दगडफूल, तिरफळ, कबाबचिनी, हळकुंडं, हिंग, आणि वर चक्क गहू आणि चण्याची डाळ. घराघरात यादी वेगळी, वीसपासून तीसपर्यंत कुठंही जाते. गहू-डाळ कशाला, असं मी विचारलं. आंटी म्हणाली, "रस्सा दाट होतो." म्हणजे स्टार्च. थिकनर. आपल्याला हे केमिस्ट्रीच्या बाईंनी शिकवलं, तिला तिच्या सासूनं.

प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. याचं कारण सरळ आहे. खसखस ज्या आचेवर अर्ध्या मिनिटात करपते, तिथं हळकुंडाला घामही फुटत नाही. सगळं एकत्र टाकलं तर निम्मं कच्चं आणि निम्मं कोळसा. मग कुटणं. पूर्वी मसाला कुटणाऱ्या बायकांची टोळी घरोघर फिरायची. मोठं लाकडी उखळ, त्याभोवती तीन-चार जणी, हातात पुरुषभर उंचीचं मुसळ, एकीचं वर तेव्हा दुसरीचं खाली. जरा ताल चुकला तर मुसळावर मुसळ. आंटी सांगते, त्या महिन्यात सगळं गाव शिंकायचं. आता बहुतेक लोक कांडप गिरणीत देतात. पण गिरणीत आणि कुटण्यात फरक पडतो, आणि तो नुसता जुन्या लोकांचा हट्ट नाही. चक्कीत दोन दगड वेगानं घासतात, घर्षणानं पीठ गरम होतं आणि मसाल्यातली सुगंधी तेलं उडून जातात. गिरणीसमोरून जाताना जो झकास वास येतो ना, तो खरं तर तुमच्या मसाल्यातून गेलेला माल आहे. मोठ्या कारखान्यांत हे टाळायला द्रवरूप नायट्रोजन वापरतात, उणे 196 अंशाचा. त्याला क्रायोजेनिक ग्राइंडिंग म्हणतात. मुसळानं दमादमानं कुटलं की उष्णता कमी होते आणि निघायलाही वेळ मिळतो. गिरणीतही दळण्यापेक्षा कांडपाला लोक पसंती देतात ती त्यामुळेच.

शेवटी बाटली. बिअरची, तपकिरी काचेची, धुऊन खडखडीत वाळवलेली. (आमच्या माळ्यावरच्या बाटल्यांची चौकशी आंटी दर मार्चमध्ये का करते, हे कोडं मला त्या दिवशी सुटलं. खुलासा: आधीच्या भाडेकरूंच्या होत्या.) नरसाळ्यानं मसाला भरायचा आणि काठीनं दाबून दाबून बसवायचा, आत हवेची पोकळी राहता कामा नये. मग घट्ट बूच. मिरचीचा लाल रंग ज्या द्रव्यांमुळे असतो ती उजेड आणि हवा यांनी मोडतात. तपकिरी काच अतिनील आणि निळा-जांभळा उजेड बराचसा अडवते, दाबून भरल्यानं हवा निघते. म्हणजे प्रकाश आणि ऑक्सिजन दोन्हींचा बंदोबस्त झाला. वर्षभर मसाला लालभडक. पॅकेजिंगवर आपण सेमिनार देतो. ही माणसं रिकाम्या बिअरच्या बाटलीत तो पाठ करून बसली आहेत.

तर, रविवार. बोट्स्वानाचा पाहुणा इस्त्रीचा शर्ट घालून आला. आंटीनं सकाळपासून तीन पदार्थ लावले होते.

एक इंद्याल, डुकराच्या मटणाचं. पोर्तुगीजमध्ये वाइन आणि लसूण घालून मांस मुरवण्याला जे नाव आहे, त्याचंच विंदालू झालं आणि त्याचंच इथं इंद्याल. वाइनच्या जागी सिरका आला, बाकी लसूण, मिरची, जिरे, सगळं सिरक्यातच वाटायचं, पाण्याचा थेंब नाही. जहाजावर महिनोन्‌महिने मांस टिकवायची ती युक्ती, आंबटात जंतू वाढत नाहीत हे तत्त्व. म्हणून इंद्याल आणि त्याचा भाऊबंद सोरपोतेल, ज्यात काळीज-बिळीज बारीक चिरून घालतात, हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त चांगले लागतात. ताजं सोरपोतेल वाढणं म्हणजे घाई झाली असं समजतात. सोरपोतेल नाताळात खाल्लं, त्यावर एक स्वतंत्र लेख होईल, संपादकांनी पानं दिली तर.

दुसरं, कोंबडीची खुडी. कांदा आणि खोबरं चांगलं काळपट तपकिरी होईपर्यंत भाजायचं, वाटायचं, आणि त्यात बाटलीचा मसाला. रंग बघून मला घरचं काळं तिखट आठवलं. पण तोंडात टाकल्यावर चव दुसरीकडेच जाते. आमचं काळं तिखट घशात जाऊन भांडतं. हा मसाला आधी गोडसर बोलतो, आणि तिखट मागून येऊन बसतं.

तिसऱ्यावर थोडं थांबतो, कारण त्यानं त्या दिवशी कमाल केली. फुग्या. मैदा, नारळाचं दूध, अंडं, थोडी साखर-मीठ, आणि आंबवायला ताडी. ताडीत यीस्ट निसर्गतःच असतं, त्यामुळे ती बेकरीच्या यीस्टचं काम फुकटात करते. हल्ली शहरात ताजी ताडी मिळणं कठीण, म्हणून आंटीही सुकं यीस्ट वापरते, आणि वापरताना प्रत्येक वेळी कुरकुरते. पीठ सैल असतं, पोळीच्या कणकेसारखं नाही. ते चार-पाच तास फुगू द्यायचं. मग मूठभर पीठ घेऊन मूठ आवळायची, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून एक गोल फुगा वर येतो, तो चटकन तोडून गरम तेलात. आत पडला की टम्म फुगतो, म्हणून फुग्या. आत पोकळ आणि मऊ, बाहेर सोनेरी. लग्नात ढिगांनी लागतात, इंद्यालात बुडवून खायला.

आंटीनं मला करायला लावलं. माझ्या फुग्यांना शेपट्या आल्या. एकीचा आकार महाराष्ट्राच्या नकाशासारखा झाला, विदर्भासकट. आंटी कपाळाला हात लावून बघत होती. तेवढ्यात आमचा गोलकीपर उठला, हात धुऊन आला, पातेल्यात मूठ घातली आणि टपाटप एकामागून एक गोल फुगे तेलात सोडायला लागला. गोल म्हणजे बॉल बेअरिंगसारखे गोल!

"याला येतं कसं?" आंटी मला विचारायला लागली.

तो हसला. त्यांच्याकडे यालाच माग्विन्या म्हणतात. मैद्याचं पीठ यीस्टनं फुगवायचं आणि गोळे तळायचे. रस्त्याच्या कडेला, शाळेच्या फाटकाशी विकतात. त्याची आई सकाळी करायची. तो बोलत होता इंग्रजीत आणि आंटी बोलत होती मराठीत, मी मध्ये दुभाषा. थोड्या वेळानं लक्षात आलं की मी काहीच सांगत नाहीये आणि तरी दोघांचं चाललंय. ती त्याला झारा कसा धरायचा ते दाखवत होती, तो तिला दाखवत होता की मूठ जरा तेलात बुडवून घेतली तर पीठ चिकटत नाही. जेवताना त्यानं मला सांगितलं, इथं आल्यावर पहिल्यांदाच कोणीतरी त्याला स्वयंपाकघरात घेतलं होतं. मी काही बोललो नाही. आपल्या वर्गातही बाहेरदेशीचा एक मुलगा होता, त्याला आपण कुणी घरी बोलावलं होतं का, ते मला आठवेना.

आता तुम्हाला प्रश्न पडला असेल की हे सगळं खायचं कुठं? इथंच खरी अडचण आहे. सांताक्रूझमध्ये पंजाबी मिळेल, मलबारी मिळेल, इटलीचा पिझ्झा अर्ध्या तासात घरी येईल. इथल्या मूळ माणसांचं जेवण मात्र हॉटेलच्या मेन्यूकार्डावर जवळजवळ नाहीच. हे जेवण घरात राहिलं. काही बायका घरून ऑर्डर घेतात. गावठाणात जाऊन नम्रपणे विचारलं तर पत्ता लागतो, आणि दोन दिवस आधी सांगावं लागतं, कारण पीठ आंबायचं असतं आणि मटण मुरायचं असतं. 'दहा मिनिटांत द्या' हा प्रकार नाही.

दुसरा मार्ग म्हणजे सण. सप्टेंबरात वांद्र्याच्या माउंट मेरीची जत्रा असते, ती तुम्हाला माहीत आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा असतो, नव्या भाताचा सण. कणसं चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घेतात. आता वाकोल्यात शेत कुठलं? पण भाताच्या लोंब्या येतात, कुठून तरी आणतात आणि मिरवणूक निघते. नाताळात कुलकुल, नेवऱ्या, मार्झिपान, पेरूचं चीज, आणि थाली स्वीट नावाचा रवा-खोबऱ्याचा भाजलेला केक ताटं भरभरून शेजारी वाटतात, यात शेजाऱ्याचा धर्म विचारत नाहीत. मे महिन्याच्या संध्याकाळी गल्लीतल्या क्रुसापाशी प्रार्थना होते आणि ती संपली की उकडलेले चणे वाटतात. शाकाहारी मित्रांनो, ही तुमची संधी. जरा मागं उभे राहा, शांतता पाळा, चणे तुमच्याही हातावर पडतील. शिवाय बाटलीचा मसाला बटाट्यातही घालतात आणि वांग्यातही, तेव्हा अगदीच निराश होऊ नका. फुग्यात अंडं असतं, ते मात्र विचारून घ्या.

आणि लग्नाचं बोलावणं आलं तर सोडू नका. आदल्या दिवशी बँड लावून विहिरीवर पाणी आणायला जातात, त्याला उंबराचं पाणी म्हणतात. बायका लाल चौकड्यांची लुगडी नेसतात, मराठी गाणी म्हणतात. तो मांडव आणि ती हळद बघून मला वाटलं, मी मामाच्या गावात उभा आहे, फक्त वाढपी इंद्याल वाढतोय.

दोन सूचना, माझ्या अनुभवातून. 'म्हणजे गोव्यासारखंच ना?' असं कधी म्हणू नका. मी म्हणालो होतो, मला आठवडाभर खाली बोलावलं नव्हतं. आणि मसाल्याचं प्रमाण विचारू नका.

ते दुसरं मी पाळू शकलो नाही, त्याला कारण झालं. गेल्या वर्षी आंटीचं घर रिडेव्हलपमेंटला गेलं. बाजूची चार घरं मिळून इमारत होणार. यात कुणाला दोष द्यायचा नाही. कौलं गळत होती, मुलगा बाहेरगावी, जिना चढवत नव्हता. कागदावर सह्या झाल्या तेव्हा ती खूश होती. मग एप्रिल जवळ आला आणि तिच्या लक्षात आलं की अंगण जाणार. बारा-पंधरा किलो मिरची वाळवायला सपाट, उन्हाची आणि कावळ्यावर नजर ठेवता येईल अशी जागा लागते. इमारतीला गच्ची असेल, पण गच्चीला कुलूप असतं आणि सोसायटीला शिंका चालत नाहीत.

त्या शेवटच्या एप्रिलला मी ठरवलं की मसाला लिहून घ्यायचा. लॅबमधल्या मित्राकडून एक डिजिटल वजनकाटा आणला, ग्रॅमपर्यंत मोजणारा. वही घेतली, तक्ता आखला. आंटीची मापं होती एक मूठ, अर्धी मूठ, 'दोन पेल्याला जरा कमी', आणि 'दिसल तेवरं'. ती मूठ भरायची, मी तिचा हात काट्यावर रिकामा करून घ्यायचो, आकडा लिहायचो, ती वैतागून म्हणायची, "बाला, मसाला कुटायचाय का परीक्षा घ्यायचीय?" पण थांबवलं नाही तिनं. धण्याच्या तीन मुठी मोजल्या, तिन्हींत फरक पाच ग्रॅमच्या आत. आमच्या लॅबमधल्या रीडिंगला एवढं सातत्य कधी आलं नाही, हे मी शपथेवर सांगतो.

सत्तावीस जिन्नस लिहिले. मग ती एकदम म्हणाली, "जा, बाहेर बघ, मिरचीवर कावला बसलाय." मी धावलो. कावळा नव्हता. परत आलो तर तव्यावर काहीतरी भाजून उतरवलेलं होतं, वास नवा होता आणि तिच्या तोंडावर काहीच नव्हतं. दुपारपर्यंत असा कावळा तीनदा आला.

घर पाडलं तेव्हा मी सेमिस्टरच्या परीक्षेत होतो. आंटी आता कुर्ल्याच्या बाजूला भाड्याच्या फ्लॅटमध्ये आहे, चौथ्या मजल्यावर, बाल्कनी दोन फूट रुंद. पाहुण्याचा कोर्स संपला, तो परत गेला. जाताना आंटीनं त्याला एक बाटली दिली, तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून. त्यानं नंतर फोटो पाठवला. हंड्यात सेस्वा, आणि कडेला वेगळ्या ताटलीत लाल रस्सा. त्याच्या आईनं सेस्वात मसाला घालू दिला नाही म्हणे. बरोबरच आहे तिचं.

दुसरी बाटली माझ्याकडे आली. ती मंगळवेढ्याला नेली. आईनं आधी बिअरच्या बाटलीकडे आणि मग माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ते सोडा. पण आता ती मटकीच्या उसळीत घालते, ज्वारीच्या भाकरीबरोबर. वडिलांनी तिसऱ्या घासाला विचारलं, आज काय केलंय? निम्मी बाटली संपलीय. सुट्टीत आईनं वही बघून थोडासा मसाला करून पाहिला, सत्तावीसच्या सत्तावीस वस्तू घालून. रंग आला, वास जवळपास आला. चव आली नाही.

मी आंटीला फोन लावला आणि ते तीन कावळे कोणते म्हणून विचारलं. पलीकडे टीव्ही चालू होता. ती म्हणाली, यंदा तिनं मिरची सांगून ठेवलीय, पण ऊन कुठं मिळेल ते अजून बघायचंय. कलिन्यात तिच्या बहिणीचं अंगण अजून आहे.

"तू ये एप्रिलात," म्हणाली. "काटा घेऊन ये. पन कावला आला तर जायाचं."

एप्रिलात माझी प्रोजेक्टची तोंडी परीक्षा आहे. तारीख अजून लागलेली नाही.